मुद्देमालातली बिंदगी

मी कुणावर पटकन विश्वास ठेवत नाही. हा स्वभाव लहानपणापासूनचा. वकिलीनं त्याला फक्त काळा कोट चढवला. शाळा इंग्रजी, घर मराठी, शेजार कन्नड आणि बाजार दख्खनी, अशा बिदरमध्ये वाढलेली मुलगी बोलण्याआधी बराच वेळ ऐकत बसते. कोर्टात उभं राहायची वेळ आली की अजून माझे तळहात ओले होतात. ऐकायचं काम मात्र जमतं. माणूस एखादी गोष्ट सांगताना कुठे घाई करतो, तेवढं मी मनात टिपून ठेवते.

माझे सीनियर वकील मल्लप्पा. सारं कोर्ट त्यांना अप्पा म्हणतं. त्यांची सुरुवात निजामाच्या काळातल्या उर्दू कोर्टात झाली, त्यामुळे कायद्याचं पुस्तक इंग्रजीत उघडं असलं तरी त्यांच्या तोंडी ‘नीयत’च येते. दिवाळी अंकासाठी लिहितेय म्हटल्यावर ते म्हणाले, “नावं बदल, गावं बदल, आणि मला जरा शहाणा दाखव.” पहिल्या दोन गोष्टी मी केल्या आहेत.

लोकांना वाटतं गुन्हा म्हणजे एक अखंड वस्तू असते, दगडासारखी. तसं नसतं. प्रत्येक गुन्ह्याचे सुटे भाग असतात आणि त्यातला एक जरी सापडला नाही तरी तो गुन्हा उभा राहत नाही. पहिल्याच आठवड्यात अप्पांनी माझ्यासमोरचं पेन उचललं आणि विचारलं, “चोरी झाली का?”

“नाही. पेन अजून या खोलीतच आहे.”

“नापास! जागचं हललं की पुरे, घरी न्यावं लागत न्हाई. वस्तू तुझी, ताबा तुझा, परवानगी न्हाई, मी हलवली. आता शेवटचं काय राहिलं?”

“नीयत.”

“ती खोटी असंल तर मी चोर. न्हाई तर मी फकस्त सही करायलोय.” असं म्हणून त्यांनी वकालतनाम्यावर सही केली आणि पेन खिशात घातलं. ते मला परत मिळालं नाही. त्यांच्या नीयतीबद्दल माझं मत मी राखून ठेवलं आहे.

घरफोडीत घर फुटावंच लागत नाही, हे नौबादच्या एका गिऱ्हाइकाला मी खूप वेळ समजावत होते. त्यानं दाराच्या भोकातून तार घालून आतली कडी उचलली होती. त्याचं एकच म्हणणं. “अक्का, एक वीट हालली न्हाई. आन निघताना कडी परत लावलो मी. घर फोडणारा माणूस कडी लावंल का, तुम्हीच सांगा.” मी सांगितलं की कायद्याच्या दृष्टीनं तारेनं उचललेली कडी म्हणजे फोडलेलं घरच. तो माझ्याकडे दयेनं बघत राहिला. “मंग कायद्यानं ते घर एकदा येऊन बघावं,” म्हणाला.

खुनाचं मात्र असं हसण्यावारी जात नाही. माणूस मेला, दुसऱ्याच्या हातून मेला, एवढ्यानं खून होत नाही. मारण्याची नीयत हवी. किंवा आपण करतोय त्यानं समोरचा माणूस मरणारच याची जाण हवी. आणि ती त्याच डोक्यात, त्याच वेळी हवी, ज्याचा हात चाललाय. कॉलेजात हे वाक्य मी पाठ केलं होतं. त्याचा अर्थ कळला तो ग्यानबाच्या केसमध्ये.

ग्यानबा ठाणाकुशनूरकडच्या एका खेड्यातला शेतकरी. त्याच्या शेताला लागून त्याचा चुलता संभातात्या याचं शेत. तात्याला मूलबाळ नव्हतं. त्याच्यामागे जमीन ग्यानबाला जाणार असं गाव धरून चाललं होतं, पण शेवटच्या वर्षी तात्या ती बहिणीच्या मुलाच्या, व्यंकटच्या नावानं करायची म्हणू लागला होता. बोलणं झालं होतं, लिहिणं व्हायचं होतं. तेवढ्यात येळवस आली.

आमच्या भागाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. मार्गशीर्षातल्या अमावास्येला आमच्याकडे गावं ओस पडतात. सगळे शेतात जातात. कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून छोटी कोपी करतात, आत पाच दगड मांडून पूजा करतात. शेंगा-पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे आणि ताकातली ज्वारीची आंबील असा बेत असतो. आंबील मातीच्या बिंदगीत नेतात आणि त्या बिंदगीला बायका चुन्यानं सजवतात. येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलवून जेवू घालायचं, शेजारच्या शेतात वाढून पाठवायचं. त्या दिवशी दारचा माणूस उपाशी राहिला तर तो कलंक. तिन्हीसांजेला घरधनी कडब्याची चूड पेटवून शेताच्या कडेनं फिरवतो आणि मग सगळे गावाकडे परततात.

त्या संध्याकाळी ग्यानबा चूड घेऊन फिरला. तात्याच्या बांधापाशी ठिणगी उडाली, कडब्याची गंज पेटली, गंजीला लागून असलेली कोपी पेटली. तात्या आत झोपला होता. लोक धावून येईपर्यंत उशीर झाला होता.

व्यंकटनं फिर्याद दिली. जमिनीसाठी चुलत्याला जाळलं. ग्यानबाचं म्हणणं, वाऱ्यानं ठिणगी गेली. हात त्याचाच होता, चूड त्याचीच होती, हे त्यानं कधी नाकारलं नाही. म्हणजे केस एकाच प्रश्नावर येऊन उभी राहिली. कोपीत माणूस आहे हे त्याला माहीत होतं का? माहीत असेल तर जन्मठेप, कदाचित फाशीही. नसेल तर आगीशी हलगर्जीपणा, थोडकी शिक्षा.

अप्पांचे गुडघे दुखत, म्हणून जागा बघायला मला पाठवलं. बांध, गंजीची राख, वारा कुठून येतो ते पाहिलं. ग्यानबाच्या शेतातून तात्याच्या कोपीचं तोंड दिसत नव्हतं, ते पलीकडे होतं. हे आमच्या बाजूचं होतं. मग ग्यानबाच्या घरी पाणी प्यायला गेले. त्याची बायको अनसाबाई साधारण माझ्याच वयाची होती, पण माझ्याहून कितीतरी स्थिर. तिनं मला नखशिखान्त बघितलं.

“तुम्ही वकील हायसा?”

“हो. अप्पांच्या हाताखाली.”

“बोलता येतंय न्हवं कोर्टात? आवाज लई बारीक हाय तुमचा.”

मी पाणी प्याले. कोपऱ्यात येळवसच्या बिंदग्या पालथ्या ठेवल्या होत्या. त्यांच्यावर चुन्याची नक्षी होती. गळ्याभोवती बोटांचे जोड ठिपके आणि खाली उलटी कोयरी. मी बघत राहिले, कारण ती नक्षी मी आधी पाहिली होती. कोर्टात, मुद्देमालाच्या टेबलावर. तात्याच्या जळालेल्या कोपीतून पोलिसांनी उचललेली बिंदगी काळी पडली होती, तिचा काठ फुटला होता, पण एका बाजूला जोड ठिपके आणि उलटी कोयरी शाबूत होती.

अनसाबाईनं माझी नजर पाहिली. ती उठली, सहज आवराआवर केल्यासारखं केलं आणि नक्षीची बाजू भिंतीकडे वळवली.  मी उठले.

परत येताना बसमध्ये मी विचार करत होते. बिंदगी ग्यानबाच्या घरची, म्हणजे त्याच्या घरून तात्याला आंबील गेली. म्हणजे वैर नव्हतं. सरकारी वकिलांचा तर सारा भर वैरावर होता. चुलता-पुतण्याचं बोलणं बंद होतं, येळवसला सुद्धा म्हाताऱ्याला ग्यानबाच्या घरून घास गेला नाही, असं साक्षीदार सांगत होते. ते सगळं एका मडक्यानं कोसळणार होतं. उत्साहात मी अप्पांना सांगितलं.

अप्पा ऐकत राहिले. मग म्हणाले, “समज, तू ग्यानबा. आंबील कुठं पाठवलीस?”

“तात्याच्या कोपीत.”

“कोपीत कोण हाय म्हून पाठवलीस?”

 ज्या बिंदगीनं ग्यानबा चांगला पुतण्या ठरत होता, त्याच बिंदगीनं तो खुनी ठरत होता. आंबील पाठवली म्हणजे म्हातारा तिथे आहे हे ठाऊक होतं. आमच्याच हातानं आम्ही सरकार पक्षाला त्यांचा न सापडलेला भाग आणून देणार होतो.

“त्या मडक्याला तू बघितलंच न्हाईस,” अप्पा म्हणाले. “बोलायची गरज न्हाई. विचारलं तर खोटं सांगायचं न्हाई. पण आपण होऊन कोर्टाला आंबील वाढायची न्हाई.”

अडचण ग्यानबाचीच झाली. आम्ही त्याला जेलात भेटायला गेलो तर त्यानं गजाआडून पहिलं वाक्य हेच टाकलं.

“साहेबाला सांगा, तात्याच्या कोपीत आंबील आमच्याच घरची होती. मी काय त्याला उपाशी ठेवलो न्हाई.”

अप्पांनी हात वर केला. “ग्यानबा, आंबिलीचं नाव काढू नको.”

“कामून? समदं गाव म्हणायलंय, येळवसला चुलत्याला घास दिला न्हाई. माझी पोरगी ल्हान हाय, उद्या मोठी झाली की तिचं लगीन व्हायचंय, अप्पा. जाळलं म्हणलं तर लोक एक येळ इसरतील. येळवसला उपाशी ठेवलं हे कोण इसरंल?”

“आन जन्मठेप झाली तर पोरीच्या लग्नाला अक्षता कोण टाकंल? व्यंकट?”

ग्यानबानं गज सोडले. मला विचारायचं होतं, आंबील कधी पाठवली, कुणी नेली, तुम्हाला तेव्हा काय माहीत होतं. मी तोंड उघडलं तेवढ्यात अप्पांनी माझ्या कोपराला धरून मला बाहेर आणलं.

“अशिलाला सगळं विचारायचं नसतंय. जे ऐकशील ते तुलाच वागवावं लागतंय. ठाऊक होतं का न्हवतं, हे सरकारला सिद्ध करू दे. आपण न्हाई विचारायचं.”

हा आमच्या धंद्याचा जुना नियम आहे. बरेच वकील तो पाळतात, आणि त्यामागे शहाणपण आहेच. पण त्या दिवशी मला खात्रीच पटली. एवढा नियम सांगायला लागला म्हणजे ग्यानबाला ठाऊक होतं. आपण एका खुन्याची केस चालवतोय, असं मनाशी धरून मी कामाला लागले.

न्यायाधीश म्हैसूरकडचे होते. त्यांनी येळवस कधी पाहिली नव्हती. साक्षीदार मराठीत बोलायचे, साहेब इंग्रजीत टिपण सांगायचे, आणि मध्येच सगळे अडकायचे. एकदा त्यांनी अप्पांना थांबवून माझ्याकडे बोट केलं. “त्या बाईंना सांगू द्या, ही काय प्रथा आहे.”

कोर्टात मी पहिल्यांदा एवढा वेळ बोलले. कोपी, पूजा, आंबील, चूड. साहेबांनी विचारलं, “शेजारच्या शेतात अन्न पाठवतात का?”

अप्पा कागदात डोकं घालून बसले होते. व्यंकट साक्षीदारांच्या बाकावर पुढे झुकला होता. पाठीमागे अनसाबाई होती, तिच्याकडे मी बघितलं नाही.

“पाठवतात,” मी म्हणाले. “पाठवलं पाहिजे, अशीच रीत आहे.”

साहेबांनी मुद्देमालाच्या टेबलाकडे पाहिलं. ती काळी बिंदगी तिथेच होती. त्यांनी सरकारी वकिलांना विचारलं, ही कुणाच्या घरची?  सरकारी वकिलांनी तो प्रश्न व्यंकट साक्षीला उभा राहिल्यावर त्याच्यापुढे टाकला.

व्यंकटनं क्षणाचाही विचार केला नाही. “आमच्या घरची, साहेब. तात्याला मीच सकाळी नेऊन दिलो. दुसरं कोण देणार व्हतं त्याला?”

तो शपथेवर खोटं बोलत होता. मला नक्षी ठाऊक होती. एका प्रश्नात त्याची साक्ष फुटली असती. तुमच्या घरच्या बिंदग्या आणा म्हटलं असतं तरी पुरे होतं. मी अप्पांच्या कानाशी लागले. “अप्पा, साफ खोटं आहे.”

“व्हय,” अप्पा पुटपुटले. “बोलू दे. चांगला भाचा दिसायसाठी बोलायलाय, आन आपला माणूस वाचवायलाय. असा वैरी पैसे देऊन मिळत न्हाई.” मग ते उठले आणि व्यंकटला त्या बिंदगीबद्दल एकही प्रश्न विचारला नाही. इतका सभ्य उलटतपास मी त्यांचा पुन्हा कधी पाहिला नाही.

शेवटी आरोपीला बोलायची संधी देतात. साक्षीपुराव्यात आलेली एकेक गोष्ट न्यायाधीश स्वतः त्याला विचारतात, शपथ नसते. अप्पांनी ग्यानबाला बजावलं होतं की नको वाटेल तिथे ‘काही सांगायचं नाही’ म्हण. पण माणूस पिंजऱ्यात उभा राहिला की वकिलाचा हात तिथवर पोहोचत नाही.

“साक्षीदार म्हणतात, तुमच्या घरून मयताला त्या दिवशी अन्न दिलं नाही. काय म्हणायचंय?”

ग्यानबाचे ओठ हलले. त्यानं पाठीमागे बघितलं. अनसाबाई पदर तोंडाला लावून बसली होती. तिनं मान हलवली नाही, डोळेही नाही. ग्यानबानं पिंजऱ्याची कड घट्ट धरली.

“काय सांगायचं न्हाई.”

“मयत कोपीत आहे हे तुम्हाला माहीत होतं?”

“न्हाई.”

हे तो इतकं सरळ बोलला की मला त्याचं कौतुक वाटलं, आणि भीतीही. खोटं बोलताना माणूस घाई करतो, निदान एखादा शब्द जास्त घालतो. हा तसं काहीच करत नव्हता. पक्का आहे, मी मनात म्हटलं.

खून सिद्ध झाला नाही. जाणीव होती असा पुरावा नाही, कोपीचं तोंड पलीकडे होतं, वारा होता. आगीबाबत हलगर्जीपणा मात्र ठरला, आणि त्याची शिक्षा तोवर जेलात काढलेल्या काळात फिटली. ग्यानबा त्याच दिवशी बाहेर आला. कोर्टाबाहेर त्याच्या गावची माणसं उभी होती, पण त्याच्याशी बोलायला कुणी पुढे आलं नाही. एक म्हातारा फक्त एवढं म्हणाला, “सुटलास, बरं झालं. पण लेका, येळवसला तरी...” आणि वाक्य न संपवता निघून गेला. ग्यानबानं माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेचं मी काय करावं हे मला कुठल्या पुस्तकात शिकवलं नव्हतं.

पुढच्या येळवसला अनसाबाईचा निरोप आला, वकीलबाईनं जेवायला यावं. अप्पा म्हणाले, “जा. केस संपली, आता आंबील प्यायला हरकत न्हाई.”

मी गेले. त्यांच्या शेतात पाहुणे फार नव्हते. बांधापलीकडे तात्याचं शेत पडीक होतं, त्या जमिनीचा कोर्टात नवा वाद सुरू होता. ग्यानबा बैलांकडे गेला तेव्हा अनसाबाईनं मला वाढलं आणि समोर बसली.

“तुमचा आवाज वाढलाय की थोडा.”

“तुमच्याच केसमध्ये वाढला.”

ती हसली. मग भज्जीच्या पातेल्यावर झाकण ठेवत म्हणाली, “तुम्ही बिंदगी ओळखली व्हती. मी बघितलं तवाच.”

“हो.”

“यांनी नव्हती पाठवली ती. यांना ठाऊक बी नव्हतं. बोलणं बंद होतं न्हवं त्यांचं, तात्याचं नाव काढलं तर हे उठून जायचे. मीच नेली, दुपारी, गपचिप. म्हातारा जेवला, आन तिथंच आडवा झाला. जेलात भेटायला गेले तवा यांना सांगितलं मी. तवापासून हे म्हणायले, आपण पाठवली म्हणून सांगतो, गावात तोंड दाखवायला जागा राहील.”

 म्हणजे ग्यानबा पिंजऱ्यात ‘न्हाई’ म्हणाला ते खरं होतं. एवढ्या सगळ्या खटल्यात शपथेविना एक सरळ खरं वाक्य बोलला तो एकटाच, आणि त्याचे वकील मनातल्या मनात त्याला पक्का खोटारडा म्हणत होते. जेलात आम्ही एक प्रश्न विचारला असता तर कळलं असतं. आमच्या नियमात तो प्रश्न बसत नव्हता.

पण हा विचार पुरता व्हायच्या आत दुसरा येऊन त्याच्याशेजारी बसला. स्वभावच तसा.

चूड त्याच्या हातात होती, जाण त्याला नव्हती. जाण हिला होती. म्हातारा जेवून आत आडवा झालाय हे साऱ्या शिवारात हिलाच ठाऊक होतं.

“संध्याकाळी चूड फिरवायला ते निघाले,” मी विचारलं, “तेव्हा तुम्ही कुठं होता?”

“इथंच. भांडी आवरत व्हते.” तिनं बांधाकडे बघितलं. “मला वाटलं, तात्या गेला आसंल गावाकडं. तोवर उठला आसंल, आसं वाटलं मला. वारं बी सुटलं नव्हतं तवा, मागून सुटलं. आन मी हाक मारणारच व्हते, पण पोरगी रडायली मधीच.”

म्हातारा उठला असेल, वारं नव्हतं, हाक मारणार होते, पोरगी रडत होती. यातलं प्रत्येक खरं असू शकतं. थकलेल्या बाईच्या एका संध्याकाळी एवढ्या गोष्टी सहज मावतात. पण मी विचारलं होतं एवढंच, की तुम्ही कुठं होता.

हात एकाचा, मन दुसऱ्याचं. असं असलं की कायद्याला गुन्हा सापडत नाही. हात चालवणाऱ्याला त्यानं सोडलं, आणि गप्प राहणाऱ्याकडे तो बघतही नाही. जाणून गप्प राहिलेलं आणि विसरून गप्प राहिलेलं, बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. दुसरा प्रश्न माझ्या जिभेवर होता. तो विचारायला मी आता कुणाची वकील नव्हते, आणि न विचारायला नियमाचा आधारही नव्हता.

ग्यानबा परत आला. “वाढ की वकीलबाईला आंबील,” म्हणाला. “आमच्या शेतातून कोण उपाशी जाऊ ने.”

अनसाबाईनं बिंदगी पुढे ओढली. नवी, कोरी, तांबडी बिंदगी. गळ्याभोवती ठिपके नव्हते, कोयरी नव्हती, चुन्याचं एक बोटही नव्हतं. शेजारच्या शेतातल्या बिंदग्या इथूनसुद्धा पांढऱ्याशुभ्र दिसत होत्या. मी कोपीकडे पाहिलं. तिथल्या दोन बिंदग्याही कोऱ्याच होत्या. दुःखानं सोडली असेल तिनं नक्षी.

“काय बघायलासा, अक्का?” तिनं विचारलं.

“काही नाही,” मी म्हणाले, आणि वाटी पुढे केली.